मेलोड्रामाची नाहक बदनामी

नव्या मराठी नाटकाचे परीक्षण लिहिताना, त्यातील एखाद्या प्रसंगाने प्रेक्षागृहातील माणसे उघडपणे रडली असतील, तर आपले बहुतेक परीक्षक ज्या एका शब्दाच्या आधारे तो सारा प्रसंग निकालात काढतात, तो शब्द ‘मेलोड्रामा’ हा होय. अखेरीस नाटक मेलोड्रामाकडे झुकते, एवढे वाक्य लिहिले की फैसला झाला. नाटककाराला त्यावर अपिलाची सोय नाही, परीक्षकाने पुरावा सादर करावा असा दंडक नाही, आणि ज्यांच्या डोळ्यांत पाणी आले त्या शेकडो माणसांची साक्ष तर ग्राह्यच धरली जात नाही. हा शिरस्ता मला अन्यायाचा वाटतो; आणि तो अन्याय केवढा आहे हे ध्यानात यायचे, तर हा नाट्यप्रकार मुळात कोणी, कोणत्या अडचणीत आणि कोणत्या प्रेक्षकांसाठी घडविला, हे पाहणे अगत्याचे आहे.

शब्द फ्रेंच आहे : ‘मेलोद्राम’. त्याचा पूर्वार्ध ग्रीक ‘मेलोस’, म्हणजे गान किंवा सूर, आणि उत्तरार्ध ‘द्राम’, म्हणजे नाटक. इटलीत याच घडणीचा शब्द सरळ ऑपेरासाठी रूढ होता. फ्रान्समध्ये मात्र त्याला जो निराळा अर्थ प्राप्त झाला त्याच्या मुळाशी जाँ-जाक रूसोचा एक छोटासा प्रयोग आहे. फ्रेंच भाषा गायनाला अनुकूल नाही, असे आपले मत रूसोने १७५३ सालीच एका गाजलेल्या पत्ररूप निबंधात मांडले होते, आणि त्या मताला अनुसरून त्याने पुढे ‘पिग्मॅलिअन’ हे नाट्य रचले, ज्याचा प्रयोग १७७० मध्ये ल्यों शहरी झाला. त्याचे बहुतांश संगीत ओरास क्वान्ये या स्थानिक गृहस्थाचे होते. आपणच घडविलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडलेला शिल्पकार त्यात गात नाही. तो बोलतो, बोलता बोलता थांबतो, आणि तो थांबला की वाद्यवृंद सुरू होतो. शब्द आणि सूर एकाच वेळी येत नाहीत, एकामागून एक येतात. भावना इतकी दाटून यावी की वाणी अडखळावी, आणि वाणी अडखळली की पुढचे वाद्यांनी सांगावे, अशी ती योजना होती. रूसो स्वतः तिला ‘गेय प्रवेश’ म्हणे. ‘मेलोद्राम’ हे नाव या जातीच्या रचनेला नंतर चिकटले. आपल्याकडे त्याचे भाषांतर कोणी ‘संगीत नाटक’ असे केले तर ते अक्षरशः बरोबर आणि वस्तुतः चूक ठरेल, कारण किर्लोस्कर-देवलांच्या नाटकात पात्र स्वतः पद म्हणते, आणि रूसोच्या या प्रकारात पात्र मूक होते तेव्हाच संगीताला अवकाश मिळतो.

हा प्रकार क्षुद्र नव्हता, याला साक्षीदारही मोठे आहेत. गेओर्ग बेंडा या संगीतकाराने जर्मन भाषेत याच पद्धतीची ‘मेडिया’ आणि ‘आरिआड्ने’ ही नाट्ये १७७५ साली रचली, आणि ती ऐकून मोत्सार्ट इतका भारावला की आपणही असे काही करावे असे त्याने मनाशी ठरविले. बेटहोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ या एकमेव ऑपेरात, निरपराध पतीच्या शोधात पुरुषवेषाने तळघरातील अंधारकोठडीत उतरलेली स्त्री तेथील गारठ्याविषयी दबल्या आवाजात बोलते, तेव्हा ती गात नाही, केवळ बोलते, आणि तिच्या तुटक बोलण्याच्या मधल्या जागा वाद्यवृंद भरून काढतो. संपूर्ण ऑपेरा गाण्यांनी भरलेला असताना त्या थोर पुरुषाने नेमक्या त्या जागी गाणे का टाळले असेल, याचा विचार मेलोड्रामा हा शब्द हेटाळणीने वापरणाऱ्याने एकदा तरी करावा.

परंतु रूसोच्या प्रयोगातून जी गोष्ट केवळ रसिकांच्या कौतुकाचा विषय झाली असती, तिला लोकांमध्ये मुळे फुटली ती पॅरिसच्या जत्रांत आणि बूलव्हार द्यु ताँप्ल या रुंद रस्त्यावरच्या थिएटरांत. आणि तेथील इतिहास मला अतिशय बोलका वाटतो. अठराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये संवादयुक्त नाटक करण्याची सनद कोमेदी-फ्रान्सेज या राजाश्रित मंडळीकडे होती, आणि जत्रेतल्या नटांनी रंगमंचावर संभाषण करू नये असा सक्त हुकूम तिने मिळविलेला होता. नटांनी त्यावर उपाय शोधला. गाण्याचे शब्द मोठमोठ्या फलकांवर लिहून ते फलक वरून सोडले जात, परिचित चाल वाद्यांवर वाजे, नट केवळ हावभाव करीत, आणि ज्या ओळी उच्चारण्याची नटांना बंदी होती त्या प्रेक्षागृहातील माणसे एकमुखाने गात. हुकूमनाम्यात प्रेक्षकांनी गाऊ नये असे कोठे लिहिलेले नव्हते! मूकाभिनय, वाद्यसंगीत आणि डोळ्यांना दिसणारा प्रसंग या तीन गोष्टींवर सारी भिस्त ठेवणारी जी रंगभाषा या अडवणुकीतून तयार झाली, तीच मेलोड्रामाची मातृभाषा होय. ज्याला आपण आज अतिरंजित हावभाव म्हणतो, तो ज्यांच्या मुखावर कायद्याने हात ठेवला होता त्या नटांचा आविष्कार होता.

राज्यक्रांतीने ही सनद मोडली. १३ जानेवारी १७९१ च्या कायद्याने कोणाही नागरिकाला नाट्यगृह उभारण्याची आणि त्यात कोणत्याही प्रकारचे नाटक करण्याची मुभा मिळाली, आणि तोवर बोलण्यास मज्जाव असलेली थिएटरे एकाएकी बोलू लागली. पुढे नेपोलियनने १८०७ मध्ये पॅरिसमधील थिएटरांची संख्या आठांवर आणून ही मुभा पुष्कळ आकुंचित केली. तथापि त्या आठांमध्येही गेते आणि आँबिग्यु-कोमिक ही मेलोड्रामाची दोन घरे शाबूत राहिली, इतका तो प्रकार लोकांच्या अंगवळणी पडला होता.

तो अंगवळणी पाडण्याचे श्रेय प्रामुख्याने गिल्बेर द पिक्सेरेकूर या नाटककाराकडे जाते. नान्सी येथे १७७३ मध्ये जन्मलेल्या आणि राज्यक्रांतीच्या धामधुमीत तारुण्य घालविलेल्या या लेखकाचे ‘सेलिना’ हे नाटक सप्टेंबर १८०० मध्ये आँबिग्यु-कोमिकच्या रंगमंचावर आले आणि पॅरिस व प्रांत मिळून त्याचे चौदाशेच्या वर प्रयोग झाले. आपण वाचता न येणाऱ्यांसाठी लिहितो, असे तो म्हणे, हे त्याच्याविषयी नेहमी सांगितले जाते. आणि त्याची नाटके पाहता ते उद्गार त्याला शोभतात. नाटक लिहून देऊन तो मोकळा होत नसे. पडदे, यंत्रे, संगीताच्या जागा, नटांच्या हालचाली या सर्वांवर त्याची नजर असे, आणि या अर्थाने आज आपण ज्याला दिग्दर्शक म्हणतो त्याचा तो एक पूर्वज होय.

‘सेलिना’ची कथा थोडक्यात अशी. सॅव्हॉयच्या डोंगराळ मुलखात, काकाच्या घरी वाढलेली सेलिना ही अनाथ मुलगी बरीच मालमत्ता बाळगून आहे, आणि त्या मालमत्तेवर डोळा ठेवून त्र्युगलँ नावाचा मनुष्य तिचा विवाह आपल्या मुलाशी लावू पाहत आहे. त्याच घरात फ्रान्सिस्क नावाचा एक मुका, दरिद्री मनुष्य आश्रयाला राहिलेला आहे. त्याच्यावर पूर्वी कोणी तरी प्राणघातक हल्ला करून त्याची वाचा कायमची हिरावली आहे. हा मुका भिकारी सेलिनेचा जन्मदाता पिता आहे आणि त्याला मुका करणारा मनुष्य दुसरा तिसरा कोणी नसून त्र्युगलँ हाच आहे, हे हळूहळू उलगडत जाते. मुलगी आणि पिता घराबाहेर काढले जातात. शेवटचा अंक डोंगर, पूल, ओढा आणि पाणचक्की यांच्या सान्निध्यात घडून अपराधी पकडला जातो.

या कथानकात योगायोग आहेत, हे कोणीही सांगू शकेल. मला त्यातील जी गोष्ट विलक्षण वाटते ती अशी, की ज्याच्यावर सर्वांत मोठा अन्याय झाला आणि ज्याला सर्व सत्य ठाऊक आहे, त्यालाच नाटककाराने वाणी दिलेली नाही. तो खुणा करतो, लिहून दाखवितो, चेहऱ्याने सांगतो. घरातल्या प्रतिष्ठितांना त्याचे म्हणणे समजत नाही, आणि प्रेक्षागृहातल्या सुताराला, धोबिणीला, गड्याला ते तत्काळ समजते, कारण वाद्यवृंद त्याच्या बाजूने बोलत असतो. ज्यांना दरबारात, कचेरीत आणि न्यायासनापुढे आपली कैफियत शब्दांत मांडता येत नाही, अशांची संख्या कोणत्याही समाजात मोठीच असते. त्यांचे म्हणणे खरे असूनही ऐकले जात नाही, या अनुभवाला मेलोड्रामाने प्रथम रंगमंचाच्या मध्यभागी आणून उभे केले. पीटर ब्रुक्स या अमेरिकी अभ्यासकाने १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या मूकतेला मेलोड्रामाच्या केंद्रस्थानी मानले आणि धर्मसत्ता व राजसत्ता या दोहोंचा धाक ढळलेल्या युगात नीती-अनीतीचा भेद लोकांना पुन्हा स्पष्ट दाखविण्याची गरज या नाट्यप्रकाराने भागविली, असे प्रतिपादन केले. त्याच्याही आधी, पिक्सेरेकूरचा समकालीन लेखक शार्ल नोदिए याने, देवळे बंद पडली होती त्या काळात या थिएटरांनी धर्मोपदेशकाचे काम केले, अशा आशयाची ग्वाही दिली होती.

थोरामोठ्यांना हे सर्व रुचले नाही, आणि त्यात जर्मन महाकवी गटे याचाही समावेश होतो, ही गोष्ट लपविण्याचे मला कारण नाही. पिक्सेरेकूरच्या १८१४ च्या एका नाटकात मालकाच्या खुनाची साक्ष देणारा एक इमानी कुत्रा प्रत्यक्ष रंगमंचावर येतो, आणि निरपराध असून ज्याच्यावर आळ आला आहे तो सेवक, पुन्हा, मुका आहे. हे नाटक १८१७ मध्ये वायमारच्या दरबारी थिएटरात शिकविलेल्या कुत्र्यासह व्हावे असा ड्यूकचा आग्रह पडला, गटेने विरोध केला, प्रयोग झाला, आणि सव्वीस वर्षे वाहिलेली त्या थिएटराची सूत्रे गटेने सोडली. ज्या रसिकाने आपल्या शाकुंतलाला युरोपात मान मिळवून दिला त्याच्या अभिरुचीपुढे मी नतमस्तक आहे. तरी पण शाकुंतलातही पतिगृही निघालेल्या मुलीचे वस्त्र एक हरिणाचे पाडस मागून ओढते, आणि मुक्या प्राण्याने व्यक्त केलेली ती माया गटेच्या पसंतीस उतरली होतीच. कण्वाश्रमातला मृग काव्य आणि बूलव्हारवरचा कुत्रा मात्र उपद्रव, हा भेद कलेच्या दर्जाचा असेल. थोडासा तो प्रेक्षकांच्या दर्जाचाही असावा, असा माझा संशय आहे.

इंग्लंडात हा प्रकार पोहोचला तो टॉमस होलक्रॉफ्टच्या हस्ते. त्याने केलेले ‘सेलिना’चे रूपांतर १८०२ मध्ये कॉव्हेंट गार्डन येथे आले. तेथेही सनदेचीच कथा. १७३७ च्या कायद्यान्वये लंडनमध्ये शुद्ध संवादी नाटक करण्याचा अधिकार मोजक्या सनदी थिएटरांपुरता होता आणि इतरांना संगीताचे आवरण घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून ज्या नाटकात संगीत मुळातच गुंफलेले आहे असा फ्रेंच प्रकार त्यांना आयताच उपयोगी पडला. १८४३ मध्ये हे निर्बंध उठले, तोपर्यंत कारागीर आणि खलाशी यांच्या वस्तीतील थिएटरांचे ते प्रमुख अन्न झाले होते. अमेरिकेत हॅरिएट बीचर स्टोची गुलामांविषयीची कादंबरी १८५२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी ती रंगमंचावर आली ती मेलोड्रामाच्याच रूपात. ज्यांना कादंबरी वाचणे शक्य नव्हते वा परवडत नव्हते, त्यांनी गुलामाच्या पाठीवरचे वळ तेथे पाहिले.

मेलोड्रामाचा प्रेक्षक भोळा असतो, त्याला कोणीही फसवावे, ही समजूतही इतिहासाला धरून नाही. १८२३ साली आँबिग्यु-कोमिकमध्येच ‘ओबेर्ज दे-झाद्रे’ नावाचा एक मेलोड्रामा आला. त्यातील दरोडेखोराची भूमिका करणाऱ्या फ्रेदेरिक लमेत्र या तरुण नटाला ते पात्र गंभीरपणे वठविणे अशक्य वाटले आणि त्याने फाटक्या कपड्यांतील ऐटबाज लबाड म्हणून ते रंगविले. ज्या प्रेक्षकांनी सेलिनेसाठी अश्रू ढाळले होते, त्याच प्रेक्षकांनी हा उलटा डाव क्षणात ओळखून त्याला डोक्यावर घेतले, आणि रोबेर माकेर हे त्या दरोडेखोराचे नाव पुढे फ्रान्समध्ये भामट्या सावकाराचे पर्यायवाचक होऊन बसले. खऱ्या करुणेला रडणारा आणि खोट्या करुणेला हसणारा प्रेक्षक एकच होता.

मग ही बदनामी आली कोठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वास्तववादी नाटक पुढे आले आणि प्रत्येक नव्या पंथाप्रमाणे त्याला आपल्या पूर्वसुरींचे दोष दाखविणे भाग पडले. इब्सेनचा विजय झाला. परंतु इब्सेनने आपली हत्यारे कोठून मिळविली हे विसरले गेले. बर्गनच्या थिएटरात नोकरी करीत असताना त्याने स्क्रीबसारख्या फ्रेंच नाटककारांच्या नाटकांचे प्रयोग बसविले होते. आणि त्याच्या ‘डॉल्स हाउस’मध्ये खोटी सही, धमकावणारा कर्जदाता आणि पत्रपेटीत पडून राहिलेले पत्र ही जी सामग्री आहे, ती बूलव्हारच्याच वखारीतली आहे. मराठीत हे वारे ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केली तेव्हा ठळकपणे आले. श्री. वि. वर्तकांनी ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावरून रचलेल्या त्या प्रयोगाचे आणि त्या मंडळींच्या धाडसाचे मोल मी कमी लेखत नाही. पण नव्या नाटकासोबत युरोपातील त्या भांडणातला शिवीवजा शब्दही आपण घेतला, आणि तो मूळच्या अर्थाची चौकशी न करता घेतला.

त्यामुळे आपल्याच वारशाविषयी आपण संकोचाने बोलू लागलो. अंकाच्या शेवटी पात्रांना स्तब्ध उभे करून साधलेला ‘टॅब्लो’ हा बूलव्हारच्या नाटकाचा अविभाज्य भाग. मुंबईच्या पारशी कंपन्यांनी तो उचलला आणि आपल्या जुन्या मंडळींच्या नाटकांतही तो दिसू लागला. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सिंधूच्या यातनांनी १९१९ पासून किती संसारांतील स्त्रियांना आपले मुके दुःख प्रथमच रंगमंचावर पाहावयास मिळाले असेल! त्या नाटकातील योगायोग आणि भाषेचा भडकपणा यांवर बोट ठेवणाऱ्यांनी तेवढे ठेवून थांबावे. ज्या दुःखाला घरात बोलण्याची सोय नव्हती ते तेथे बोलले, ही गोष्ट त्या दोषांहून पुष्कळ मोठी आहे. भवभूतीचा राम जनस्थानात पुनःपुन्हा मूर्च्छित होतो आणि तो आपल्याला करुणरसाचा परिपाक वाटतो. सिंधूच्या वेळी मात्र आपल्याला एकदम संयम आठवतो.

या नाट्यप्रकारात दोष नाहीत असा माझा दावा नाही. त्यातील सर्वांत गंभीर दोष असा, की तो अन्यायाला नेहमी एक चेहरा देतो. त्र्युगलँ पकडला गेला की सर्व ठीक होते. परंतु ज्या व्यवस्थेत एका मुक्या दरिद्री माणसाची साक्ष कोणी घेत नव्हते ती व्यवस्था जशीच्या तशी राहते, आणि प्रेक्षक घरी समाधानाने परततो. हाच साचा राजकारणी वक्त्याच्या हाती पडला म्हणजे तो एखाद्या समूहालाच खलपुरुष ठरवून मोकळा होतो, आणि त्याचे परिणाम रंगमंचापुरते राहत नाहीत. फेलिक्स प्याच्या ‘पॅरिसचा चिंधीवेचा’ या १८४७ च्या नाटकात, ज्यात तीच लमेत्र नावाची असामी आता पोक्त नट म्हणून उभी होती, या दोषावर मात करण्याचा प्रयत्न दिसतो. तेथे चिंध्या वेचणारा गरीब म्हातारा हा नायक आहे, आणि दोष केवळ एका दुष्टाचा राहत नाही, तो श्रीमंतीच्या मार्गांचाच होतो.

दूरचित्रवाणीवरील नित्याच्या मालिकांमुळे मेलोड्रामा बदनाम झाला, असाही एक युक्तिवाद केला जातो. त्या मालिकांतील ढणढणणारे संगीत आणि तिरक्या नजरा पाहून तसे वाटणे साहजिक आहे. पण मला उलट असे दिसते, की मेलोड्रामाचे जे प्राणतत्त्व तेच त्यांच्यात नाही. पिक्सेरेकूरचे नाटक तीन अंकांत, एका रात्रीत संपत असे, आणि संपण्यापूर्वी खरे काय ते उघड होऊन निरपराध्याला सर्वांसमक्ष निरपराध म्हटले जाई. ज्या मालिकेला टिकून राहण्यासाठी संपताच येत नाही, तिला निरपराध्याची ओळख पटविताच येत नाही. तिला आळ ताजा ठेवावा लागतो. तेथे अतिरेक भावनेचा नसून निवाडा लांबविण्याचा आहे, आणि त्याचे खापर दोनशे वर्षांपूर्वीच्या एका प्रामाणिक नाट्यप्रकारावर फोडणे गैर आहे.

परीक्षकांना माझे मागणे एवढेच आहे, की एखाद्या प्रसंगाने प्रेक्षक रडला तर त्या प्रसंगाचे नाव सांगून थांबू नये, त्याची तपासणी करावी. रडणाऱ्या पात्रावर झालेला अन्याय नाटकात खरोखर घडून आला आहे की केवळ सांगितला गेला आहे. संगीत मूक झालेल्या पात्राच्या वतीने बोलत आहे की नटाची उणीव झाकीत आहे. आणि अखेरीस जे उघडकीस येते ते प्रेक्षकाला आधी दिसत होते आणि पात्रांना दिसत नव्हते, अशी ती रचना आहे काय. या तपासणीत पुष्कळ नाटके नापास होतील, आणि व्हावीत.

आपल्या विद्यापीठांच्या नाट्यविभागांनाही एक सुचवावेसे वाटते. सोफोक्लीस, शेक्सपिअर, इब्सेन आणि ब्रेख्त यांच्या अभ्यासाबरोबर ‘सेलिना’चे एखादे चांगले मराठी भाषांतर करवून घ्यावे आणि विद्यार्थ्यांकडून त्याचा प्रयोग बसवावा, त्यात ध्वनिमुद्रित संगीत न वापरता रंगमंचासमोर ऑर्गन, सारंगी आणि तबला घेऊन वादक बसवावेत, आणि फ्रान्सिस्कची मुकी भूमिका वर्गातील सर्वांत स्पष्ट उच्चारांच्या विद्यार्थ्याला द्यावी. वादकांशी एकेक जागा ठरविताना, कोणत्या क्षणी बोलणे थांबवावे आणि कोणत्या क्षणी सूर सुरू व्हावा याचा जो विचार त्या मुलांना करावा लागेल, तो आज आपल्या रंगमंचावर फारसा कोणी करताना दिसत नाही.